परत मागितलेलं वाण

संक्रांतीला लुटलेलं वाण परत मागत दारोदार फिरलेली बाई आमच्या साताऱ्यात आजवर एकच झाली असेल, आणि ती माझी बायको आहे. यात तिचं किती चुकलं, तिच्या धाकट्या बहिणीचं किती, आणि 'रीत आहे' म्हणून आपण सगळे जे करत राहतो त्याचं किती, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे मधूनमधून समजावून सांगायची खोड आहे, तेवढी सहन करा.

सुरुवात रेवतीपासून झाली. रेवती माझी मेहुणी. सासऱ्यांना पंचांगाचं भारी वेड, म्हणून मुलींची नावं नक्षत्रांवरून ठेवली. थोरली रोहिणी आणि धाकटी रेवती. आई गेली तेव्हा रेवती पहिलीत होती. तिच्या वेण्या घालण्यापासून ती संशोधनासाठी परदेशी जाईपर्यंत सगळं रोहिणीने केलं. त्यामुळे रेवती नुसती शिंकली तरी आमच्या घरात त्याचं कौतुक होतं, आणि मी त्यात जमेल तेवढी थट्टा मिसळतो.

त्या वर्षी मार्गशीर्षात ती पुण्याहून आली ती हातात एक कुंडी घेऊनच. एक्झोऱ्याच्या कुळातलं गुडघाभर उंचीचं झुडूप, त्यावर शेंदरी फुलांचे गच्च झुबके.

"दाजी, एक फूल तोडा आणि देठाकडून चोखा."

लहानपणी आम्ही सगळ्यांनीच ही फुलं चोखलेली आहेत. जिभेला जेमतेम गोडवा लागायचा आणि तेवढ्यावर खूश व्हायचो. हे फूल चोखलं तर साखरेच्या पाकाचा टपोरा थेंब जिभेवर उतरला.

"माशी पिऊन गेली की दोनेक तासांत फूल पुन्हा भरतं," रेवती म्हणाली. "आणि वर्षभर फुलतं, वैशाखातसुद्धा. नाव ठेवलंय बारमास."

"आणि मुंग्या?" मी विचारलं.

"अहो, कौतुक करा की आधी," रोहिणी आतून ओरडली.

कौतुकाची गोष्ट होतीच. गेल्या काही वर्षांत उन्हाळा इतका लांबला होता की शाळांना होळीपासूनच उष्म्याची सुटी लागायची. झाडं भलत्याच वेळी फुलत आणि भलत्याच वेळी सुकत. फुलपाखरू कोशातून बाहेर यायचं तेव्हा फूल संपलेलं असायचं. सातेरी मधमाश्यांची पोळी उपासमारीने ओस पडत होती. आमच्या अंगणात जास्वंदीवर येणारा जांभळा शिंजीर पक्षी दोन वर्षांत फिरकला नव्हता. या सगळ्यांना उन्हाळाभर पुरेल असं काहीतरी बागेत लावता यावं, म्हणून रेवतीच्या गटाने हे झाड केलं होतं.

केलं कसं, ते सांगतो. फुलाच्या तळाशी मधुग्रंथी असतात. तिथल्या पेशींना साखर बाहेर सोडणाऱ्या बारीक खिडक्या असतात. त्या ठरावीक वेळी आणि थोडाच वेळ उघडतात, कारण साखर बनवणं झाडाला महाग पडतं. खिडकी कधी उघडायची हे ठरवणाऱ्या जनुकात रेवतीच्या गटाने फेरफार केला आणि खिडक्या उघड्याच राहू लागल्या. मग एवढी साखर आणायची कुठून? त्यासाठी झाडाचे बाकीचे खर्च बंद केले. परागकण बनवायचे नाहीत, बी धरायचं नाही. यामुळे झाड रानात पसरायची भीतीही मिटली. वाढवायचं तर फांदी लावूनच. शिवाय पानांत एक कडू रस वाढवला, म्हणजे कोणतीही अळी पानाला तोंड लावणार नाही.

"म्हणजे आयतं घर, आयतं जेवण, भाडं नाही," मी म्हणालो.

"तसंच काहीसं," रेवती हसली. मग तिने पर्समधून आगपेटीएवढं एक यंत्र काढलं. त्याचं नाव कानोसा. प्रत्येक किड्यामाशीच्या पंखांचा सूर वेगळा असतो. सातेरी माशीचा वेगळा, भुंग्याचा वेगळा, शिंजीरच्या फडफडीचा तर अगदीच वेगळा. कानोसा भिंतीवर लावला की तो आसपासच्या बागांमधले हे सूर ओळखतो आणि कोण किती वेळा आलं ते मोजतो. प्रयोगशाळेला आता एक अख्खी वस्ती चाचणीला हवी होती. "पण लोकांच्या दारात झाड लावायचं म्हणजे प्रत्येकाला पटवावं लागतं, ताई. एक जण म्हणतो साप येतील, दुसरा म्हणतो पाणी कोण घालणार. वर्षं जातात त्यात."

रोहिणी पोळ्या लाटत होती. ती लाटणं तसंच धरून बाहेर आली.

"किती रोपं देतील तुझे लोक?"

"हवी तेवढी. का गं?"

"संक्रांतीला वाण म्हणून लुटते. स्टीलच्या वाट्या आणि प्लॅस्टिकचे डबे किती वर्षं वाटायचे? आणि वाणाला नाही म्हणायची कुणाची छाती आहे?"

खरंच होतं ते. हळदीकुंकवाचं वाण कुणी नाकारत नाही आणि फेकूनही देत नाही. ते झाड असेल तर लावावंच लागतं, आणि वाळलं तर मनाला लागतं. रेवती बघतच राहिली. मग तिने उठून बहिणीला मिठी मारली. तिच्या पाठीवर पीठ लागलं.

आमच्या कॉलनीत चाळीसेक बंगले आहेत. रोहिणीने सगळ्या घरांना निरोप दिले. एक घर सोडून.

ते घर आमच्या भिंतीला लागून, सुनंदा भोईट्यांचं. सुनंदा मूळची कोरेगावकडची, बोलायला रांगडी आणि हाताला मोकळी. तिचं आणि रोहिणीचं इतकं होतं की कुरडया कुणाच्या गच्चीवर घातल्यात हे आम्हा नवऱ्यांना कधी कळत नसे. त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर भोईटे वारले. चालताबोलता माणूस दुपारी झोपला तो उठलाच नाही.

"सुनंदाला सांगितलंस ना?" मी विचारलं.

"नाही."

"का?"

"अहो, वर्षही झालं नाही. सगळ्या नटून येणार, उखाणे घेणार. तिला कसंतरी होईल. तिला अवघडात टाकण्यापेक्षा न बोलावलेलं बरं."

"तिला विचारलंस?"

"असं विचारतात का कुणाला?"

चंद्रावर आपली माणसं राहायला लागली त्या वर्षीची ही गोष्ट आहे. आमच्या कॉलनीत कुणालाही विचारा, 'विधवेने हळदीकुंकवाला येऊ नये' असं म्हणणारं एकही माणूस सापडणार नाही. सगळे सुधारलेले. फक्त तिला वाईट वाटू नये म्हणून तिला बोलवायचं नाही, एवढंच.

हळदीकुंकू झोकात झालं. दुसऱ्या दिवशी रोहिणीने सुनंदाकडे तिळगूळ पाठवला. स्वतः नेला नाही, मोलकरणीबरोबर पाठवला. पुढच्या वर्षी बोलवायचं तिच्या मनात होतं, पण 'मागच्या वर्षी बोलावलं नाही, आता कोणत्या तोंडाने बोलावू' असं झालं. तिसऱ्या वर्षी तर तो विषयच निघाला नाही. भिंतीवरून बोलणं चालू होतं, कोथिंबीर आणि विरजण इकडून तिकडे जात होतं. पण दोघींनी मिळून कुरडया पुन्हा घातल्या नाहीत.

इकडे बारमासने मात्र कॉलनीचं रूप पालटलं. भर उन्हाळ्यात, जेव्हा रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, तेव्हा आमच्या कुंपणांवर फुलपाखरांची झुंबड. शिंजीर परत आले, एक सोडून पाच-पाच. कॉलनीभर भिंतींवर लावलेल्या कानोशांचे आकडे बघून रेवती फोनवर ओरडायची. वर्तमानपत्रांत फोटो आले. इतर कॉलन्यांतल्या बायका आमच्याकडून फांद्या घेऊन गेल्या आणि त्यांनी त्यांच्या संक्रांतीला त्याच लुटल्या. तीन वर्षांत गोडोलीपासून शाहूपुरीपर्यंत घरोघरी शेंदरी कुंपण. आणि कुंपणाच्या आत जे जे कुरतडलेलं, काटेरी, अळ्यांनी खाल्लेलं दिसत होतं, ते लोकांनी हळूहळू उपटून टाकलं. एवढं सुंदर झाड दारात असताना भोकं पडलेल्या पानांचा लिंबू कोण ठेवेल? आम्हीही आमचा काढला.

पाहुणी म्हणून रोहिणीला भाषणांना बोलावणी यायला लागली. 'वाणातून वनाकडे' असा विषय असायचा. मी तिची भाषणं ऐकायला मागच्या रांगेत बसायचो आणि टाळ्या मात्र पहिल्या वाजवायचो.

तिसऱ्या उन्हाळ्यात आमच्या सोनचाफ्यावर शिंपी पक्ष्याने घरटं केलं. दोन पानं धाग्याने शिवून बनवलेलं, खिशासारखं. रोहिणी रोज लांबून बघायची. पिल्लं निघाली. आईबाप दिवसभर ये-जा करत होते, पण चोचीत क्वचितच काही दिसायचं. मग एके सकाळी पिल्लांचा आवाज बंद झाला. शेजारी कदमांच्या बागेतही तसंच झालं होतं, देवधरांकडेही.

"उन्हानं गेली बिचारी," रोहिणी म्हणाली आणि तिने अंगणात पाण्याची आणखी दोन भांडी ठेवली.

त्याच सुमारास सुनंदाने मला भिंतीपलीकडून हाक मारली. तिचं परसू म्हणजे रान होतं. लिंबू, कढीपत्ता, शेवगा, कोपऱ्यात रुई, भिंतीवर पानफुटी, एरंडाची दोन झाडं, आणि या सगळ्यावर चढलेला कृष्णकमळाचा वेल. भोईटे होते तेव्हा दर दिवाळीला ते छाटायचे. आता कुणी हात लावत नव्हतं.

"सर, ते तुमचं बारमास नर्सरीत मिळतं का हो कुठं?"

"नर्सरीत कशाला? आमच्याकडची फांदी घ्या की."

"नको. मागून नको. सगळ्यांच्या दारात हाय. माझंच परसू तेवढं जंगलावाणी दिसतंय. मिळत असलं तर इकत आणीन म्हणते."

मी हे रोहिणीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "तीन वर्षं तिने भिंतीपलीकडून ऐकलंय हो सगळं. मी काय केलं हे!" आणि ती रडली. मला तिची समजूत घालता आली नाही, कारण ती म्हणत होती ते खरंच होतं.

त्या चौथ्या संक्रांतीला रोहिणी पहिल्यांदा सुनंदाकडे गेली, बाकी कुणाकडेही जायच्या आधी. हातात ताट, ताटात हळदीकुंकू आणि तिळगूळ. मागे बारमासच्या एका भरदार रोपाची कुंडी उचलून मी.

सुनंदा दारात आली. ताट बघून तिने हात मागे घेतले.

"मला चालतंय का हे?"

"मी लावतेय ना," रोहिणी म्हणाली आणि तिने तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. "आधी नाही आले, माझं चुकलं सुनंदा."

"असू दे की," सुनंदा म्हणाली. तिने दोन्ही हातांनी रोप घेतलं, कपाळाला लावलं, आणि मग मोठ्याने हसली. इतक्या वर्षांत तिचं ते हसणं मी विसरून गेलो होतो.

पुढचे काही आठवडे आमच्या घरात रोहिणी सापडायचीच नाही. ती सुनंदाच्या परसात असायची. वाणाला नीट जागा करायची म्हणून दोघींनी पदर खोचले आणि ते रान साफ करायला घेतलं. रुई गेली, एरंड गेला, कृष्णकमळाचा वेल ओढून काढला. लिंबाचे काटे हातात घुसले म्हणून दोघींनी त्याला शिव्या दिल्या आणि तोही तोडला. कढीपत्ता, शेवगा, काही ठेवलं नाही. आमच्या कुंपणाच्या फांद्या नेऊन सुनंदाने चारी बाजूंनी बारमास लावला, आणि रोहिणीने दिलेलं रोप मधोमध, अगदी तुळशीसारखं. दुपारी दोघी तिथेच पायरीवर बसून भाकरी खायच्या. माझं जेवण टेबलावर झाकून ठेवलेलं असायचं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. बायको सुखात दिसत होती.

फाल्गुनात रेवती आली. जेवताना रोहिणीने मेलेल्या पिल्लांचं सांगितलं. "तुझ्या कानोशाला पिल्लांचं कळत नाही का गं?"

रेवतीचा घास हातातच राहिला. "आवाज सगळेच साठवलेत. पण मोजले फक्त पंख." तिने ताट बाजूला सारलं. "पिल्लं भुकेली ओरडतात तो सूर वेगळा असतो. तो शोधायला सांगता येईल."

दुपारभर तिचं यंत्र तीन वर्षांचे जुने आवाज पुन्हा ऐकत होतं. संध्याकाळी तिने आम्हाला पडद्यावर कॉलनीचा नकाशा दाखवला. ज्या बागेत पिल्लांचा आवाज सुरू होऊन उडण्याच्या वयापर्यंत टिकला, ती बाग हिरवी. जिथे सुरू होऊन मधेच बंद पडला, ती तांबडी. सगळा नकाशा तांबडा होता. तीनही वर्षं. आमची बाग तांबडी, कदमांची, देवधरांची. एकच चौकोन हिरवा होता, आमच्या भिंतीला लागून.

"ही बाग कुणाची?" रेवतीने विचारलं. "इथे काय आहे? मला आत्ताच्या आत्ता बघायचीय."

रोहिणीने भिंतीला हात टेकला. मीच सांगितलं की ती बाग आता नाही.

मग रेवतीने आम्हाला समजावलं, आणि समजावता समजावता तिचं तिलाच कळत गेलं. पंख असलेल्या मोठ्या जिवाला उडायला साखर लागते. पण पिल्लू साखरेवर वाढत नाही. त्याला अंग धरायला अळ्या, कोळी, किडे लागतात. फुलांतला मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांना कोळी आणि किडेच भरवतो. आता अळी कुठून येणार? फुलपाखरू मध कुठल्याही फुलावर पितं, पण अंडी घालतं ते ठरावीक झाडाच्याच पानावर. कुणाला लिंबूच लागतो, कुणाला रुई, कुणाला कृष्णकमळ, कुणाला पानफुटी. ज्या झाडाचं पान कुणी खात नाही, ते झाड कुणालाही वाढवत नाही. मधमाशीचंही तेच. तिच्या अळ्यांना पराग लागतो आणि बारमासला पराग नाही. पोळ्यात मध ओथंबलेला आणि पाळणे रिकामे. आणि एवढा मध दिसल्यावर आसपासच्या रानातले सगळे पक्षी इथे येऊन घरटी बांधत होते. आले नसते तर त्यांची पिल्लं कुठेतरी जगली असती.

"मी पाहुणे मोजले, ताई," रेवती म्हणाली. "पाहुणे बघून खूश झाले. जन्मलं किती, हे मोजलंच नाही." तिने चेहरा ओंजळीत लपवला. रोहिणीने तिला लहानपणीसारखं जवळ ओढलं, पण तिची स्वतःची नजर खिडकीबाहेर, भिंतीवर होती.

बारमासला बी नाही, म्हणजे उपटला की संपला. पण बाकीच्या बागांत जुनी झाडं जाऊन तीन-चार वर्षं झाली होती, तिथे सगळं नव्याने लावून वाढायला वेळ लागणार होता. सुनंदाच्या परसात मात्र झाडं नुकतीच तोडली होती. रुई मुळापासून फुटते, कढीपत्ताही फुटतो, लिंबाचा बुंधा अजून ओला होता. मातीत पतंगांचे कोश असणार. आणि त्या परसात वाढलेले शिंपी याच उन्हाळ्यात पुन्हा तिथेच घरटं करायला येणार होते. पावसाळ्यापूर्वी बारमास काढून जुन्या मुळांना उजेड आणि पाणी दिलं, तर तेवढ्या एका जागी काहीतरी वाचण्यासारखं होतं. उशीर केला तर तेही नाही.

"मी जाते त्यांच्याकडे," रेवती म्हणाली. "झाड माझं आहे, चूक माझी आहे."

"झाड तुझं असेल," रोहिणी म्हणाली, "वाण माझं आहे."

तरी आम्ही तिघंही गेलो. सुनंदा मधल्या रोपाला तांब्याने पाणी घालत होती. आम्हाला बघून तिने लगबगीने पायरी पुसली. चहा ठेवते म्हणाली. रोहिणीने तिला हाताला धरून बसवलं आणि बोलायला लागली, पण तिचं बोलणं इतकं अडखळत होतं की शेवटी रेवतीने नकाशा काढला आणि सगळं नीट सांगितलं.

सुनंदाने हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं.

"म्हंजे तीन वर्षं पाखरं माझ्याकडंच जगली."

"हो," रेवती म्हणाली.

"माझ्याकडं हे झाड नव्हतं म्हणून."

"हो."

"आणि झाड नव्हतं, कारण मला बोलावलं नव्हतं." ती रोहिणीकडे बघत होती. रागाने नाही. अवघड हिशेब सुटल्यावर माणूस बघतो तसं. "आणि आता बोलावलंस, तर ती जागाबी गेली. आपण दोघींनीच तोडली की गं."

"दुसरं काहीही देते तुला सुनंदा," रोहिणी म्हणाली. "तू म्हणशील ते."

"वाण बदलून देतात व्हय?"

सुनंदा उठली, आतून कुदळ घेऊन आली आणि मधल्या रोपाच्या बुडाशी माती मोकळी करायला लागली. मी पुढे झालो तर तिने मला हाताने थांबवलं. मुळं न तोडता तिने रोप अलगद काढलं, माती झटकली, आणि दोन्ही हातांनी रोहिणीपुढे धरलं, संक्रांतीला घेतलं होतं तसंच. "घे. कुंपणाचं उद्या गडी लावून काढते. पाखरांचं काय चुकलंय?" मग ती नळावर हात धुवायला गेली आणि आम्ही निघेपर्यंत तिथेच हात धूत राहिली.

बाकीच्या घरांतून वाण परत मागायला रोहिणीला दोन महिने लागले. कुणी मुकाट दिलं, कुणी तोंडावर दार लावलं. एका बाईने 'माझ्या सुनेचं पहिलं वाण होतं ते' म्हणून भांडण काढलं. रोहिणीने सगळं ऐकून घेतलं. जिने वाणातून वनाकडे जायची भाषणं केली, ती आता दारात उभी राहून 'उपटून द्या' म्हणत होती, आणि लोक हसत होते. रेवतीने आपली चूक स्वतःच जाहीर केली. प्रयोगशाळेने तिला त्या कामावरून काढून कुठल्याशा कोपऱ्यातल्या विभागात टाकलं. तरी शहरातली निम्मी कुंपणं आजही शेंदरीच आहेत. सुंदर दिसतात.

सुनंदाच्या परसात मात्र रुई फुटली. कढीपत्त्याचे धुमारे आले. मृगाच्या सुमारास लिंबाच्या कोवळ्या पानांना भोकं पडली, तेव्हा रेवतीने फोनवर आनंदाने रडून घेतलं. श्रावणात शिंप्याच्या एका घरट्यातली पिल्लं उडाली. कॉलनीतलं तेवढं एकच घरटं.

मग संक्रांत आली. या खेपेला वाण म्हणून लिंबाची रोपं होती, रेवतीने बियांपासून वाढवलेली. रोहिणी सकाळीच ताट घेऊन सुनंदाकडे गेली. मी भिंतीजवळ होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

सुनंदा पायरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. "ये, बस. पण हळदीकुंकवाला मी नाही यायची गं."

"अजून राग आहे ना?"

"राग कशाचा? तू बोलावलंस तेबी मनापासनं, आणि परत मागितलंस तेबी बरोबरच होतं. मला सगळं कळतंय." ती शेंगा सोलतच होती. "पण मला आपलं लांबच राहू दे. मला बोलावलं न्हाई की काहीतरी वाचतं बघ तुमचं."

हे ती हसत म्हणाली, अगदी सहज, थट्टेने म्हणावं तसं. रोहिणीने ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. मी डोकावून बघितलं तर ती सुनंदाच्या शेजारी पायरीवर बसली होती आणि खाली मान घालून शेंगा सोलत होती.

संध्याकाळी बायका नटूनथटून आमच्याकडे आल्या तेव्हा दार मी उघडलं. लिंबाची रोपं ओसरीवर मांडलेली होती आणि घरात कुणी नव्हतं.

"रोहिणी शेजारी आहे," मी म्हणालो. "आज तिला तिकडंच बसू द्या."